फणसाक पाऊस लागणा नाय

शंभर वर्षं जुनं लाकूड मी दोन दिवसांत करून देतो. कसालला हायवेच्या कडेला माझी पत्र्याची शेड आहे. भंगारात गेलेली खुर्ची, पाडलेल्या घराचा दरवाजा, मेलेल्या म्हातारीचा आरसा, काय आणाल ते आणा. आधी गडद रंगाचा एक हात मारायचा. तो वाळला की जिथे जिथे माणसाचा हात, कोपर, ढुंगण लागतं त्या जागा मेणबत्तीने घासायच्या. त्यावर खडूची पूड कालवलेला फिका रंग. तो वाळला की पॉलिश पेपर. मेण असेल तिथला रंग सोलून निघतो आणि खालचा दिसतो. मग सायकलच्या चेनचे चार तडाखे, बारीक खिळ्याने किड्याची भोकं, आणि शेवटी काताचं पाणी. तारकर्लीच्या होमस्टेवाल्या बायका याला विंटेज म्हणतात. त्यांना हवं ते म्हणू देत, काम माझ्याकडेच येतं.

माझं नाव परशुराम. गावात मला पावडर परशा म्हणतात. ज्याने हे नाव ठेवलं तो कॉस्मे मेस्त गेल्या श्रावणात गेला. त्याच्या मयताला जे झालं ते लोक अजून तिखटमीठ लावून सांगतात. तिखटमिठाची काही गरज नाही. मी तिथे होतो, डाव्या बाजूला, पायाकडे. तेव्हा मीच सांगतो.

मेस्त म्हणजे आमच्याकडे सुतार, आणि कॉस्मेसारखा मेस्त पंचक्रोशीत नव्हता. वीस वर्षांपूर्वी मी त्याच्या हाताखाली होतो, चांगली सहा वर्षं. रंधा कसा धरायचा इथपासून सगळं त्याने शिकवलं, ते नाकारत नाही. पण माणूस नाकाने कांदे सोलणारा. एकदा मसुऱ्याच्या एका इंजिनिअरसाठी कपाट करत होतो. दाराच्या फळीला केसाएवढी भेग गेली. मी भुसा आणि गोंद कालवून ती भरली, वरून रंग मारला. कोणाच्या बापाला कळली नसती. मेस्तने नुसता अंगठा फिरवला. मग त्याने इंजिनिअरला बोलावलं, त्याच्या बायकोला बोलावलं, गवंड्यांना बोलावलं, माझ्या हातात कुऱ्हाड दिली आणि ते दार मला फोडायला लावलं. मी फोडत असताना तो सगळ्यांना सांगत होता, “हो सुतार न्हय. हो रंगारी. उद्या मड्याक पावडर लावन जितो म्हणान विकतलो.”

लोक हसले. त्या वर्षी आंगणेवाडीच्या जत्रेत गर्दीतून कोणीतरी ओरडलं, “ए पावडर!” आणि मी मूर्खासारखा वळून बघितलं. झालं, नाव चिकटलं. सुतारकाम मला परत कोणी दिलं नाही. धामापूरच्या किशोरीचे वडील दोन वर्षं लग्नाला हो म्हणेनात, कारण काय, तर जावई पावडर. मी रंगारी झालो तो मेस्तच्या तोंडामुळे. त्याने शाप दिला आणि मी त्याचा धंदा केला.

आता पेटीचं सांगतो.

अकरा वर्षांपूर्वी भर जुलैत मेस्तची बायको पिएदाद वारली. मेस्तचा उजवा हात तेव्हा प्लॅस्टरमध्ये होता. म्हणून मुलाने, लिओनने, घाईघाईने बाजारातून तयार पेटी आणली. इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, फाटकात पोचेपर्यंत पावसाने पेटीचा कोपरा उसवला आणि पिएदादचा पांढरा मोजा घातलेला पाय घोट्यापर्यंत बाहेर आला. अख्खं गाव बघत होतं. पोरंसुद्धा. मेस्तने अंगातला कोट काढला, एका हाताने तो पायाला गुंडाळला, आणि तसाच पाय धरून खड्ड्यापर्यंत चालत गेला.

प्लॅस्टर निघालं तशी त्याने मागीलदारचा फणस पाडला. फळं धरणारं झाड, बायका हळहळल्या. त्याच्या फळ्या वर्षभर सावलीत सुकवल्या आणि त्यातून स्वतःची पेटी केली. एक खिळा नाही, एक स्क्रू नाही. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घालावीत तसे कोपऱ्यांचे सांधे. झाकणाला आतून नाव आणि जन्मसाल कोरलेलं, पुढे तेवढीच जागा मोकळी. पेटी त्याने माळ्यावर चढवली आणि तिच्यात बियाण्याचं भात ठेवायला लागला. कोणी थट्टा केली की म्हणायचा, “हेच्यातना माझो पाय कोणाक दिसाचो नाय.” त्याला आयुष्यात शेवटचं हवं होतं ते एवढंच, आणि ते गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी मेस्तच्या अंगावरून वारं गेलं. कमरेखाली सगळं लुळं. डोकं मात्र शाबूत, आणि जीभही. लिओन बोटीवरची नोकरी सोडून आला. त्याची बायको रॉविना म्हापशाची, हुशार बाई, उगाच वाईट म्हणणार नाही. तिने घराचा पुढचा भाग होमस्टे केला आणि सासऱ्याची खाट मागच्या खोलीत नेली. खोली कोरडी होती, पंखा होता, पेज वेळेवर मिळत होती. आमच्याकडे याहून वाईट हाल लोक सख्ख्या आईचे करतात.

मग एक दिवस रॉविनाचा मला फोन आला. खिडकीखाली बसायला बाक हवा होता, जुना दिसणारा, समुद्राच्या निळ्या रंगाचा. माळ्यावर एक लांब पेटारा आहे, त्याचा होईल का? मी गेलो. पेटी खाली काढलेली होती, भात पोत्यात ओतलेलं होतं. मी सांधे बघितले आणि झाकण उघडायच्या आधीच मला कळलं. उघडलं तर नाव होतंच.

रॉविनाने काही लपवलं नाही. पापा जातील तेव्हा म्हापशाहून पितळी कड्यांची, आतून साटिनची पेटी आणू, म्हणाली. ही एवढी चांगली वस्तू जमिनीत कुजवायची कशाला? आणि मेल्यावर माणसाला काय कळतं? फक्त त्यांना सांगू नका. लिओन विहिरीकडे पाठ करून उभा होता. त्याला विचारलं तर बायकोकडे बोट करून म्हणाला, “ता सांगता तसा कर.”

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? वीस वर्षं ज्याची वाट बघितली ते आपल्या पायाने चालत शेडमध्ये आलं होतं. मेस्तचं लाकूड, मेस्तचे सांधे, आणि वर माझा रंग. एकेक हात मी चवीने मारला. सांध्यांवर खडूचा रंग बुजेपर्यंत लिंपला. चेनचे तडाखे मारताना मसुऱ्याचं ते दार डोळ्यांसमोर आणलं. झाकणाच्या आत नावावर तीन हात दिले आणि चौथा उगाचच दिला.

बाक नेऊन ठेवला तर खिडकीखालची जागा साडेचार फूट, आणि पेटी पाच फूट दहा इंच. रॉविनाचं तोंड उतरलं. कापता येईल का, तिने विचारलं. मी म्हणू शकलो असतो की कापू नका, समोरच्या भिंतीला लावा. समोरची भिंत रिकामीच होती. लिओन तिथेच होता, तोही काही बोलला नाही. मी कटर काढला आणि पायाकडचा सव्वा फुटाहून जास्त तुकडा उडवला. पिवळाधमक भुसा उडाला. मागच्या खोलीतून मेस्तने विचारलं, कसला आवाज. फरशीचा, लिओनने सांगितलं.

उरलेल्या तुकड्याचा मी रॉविनाला चहाचा ट्रे करून दिला. तोही निळा, कडा घासलेल्या. फुकट दिला, माझ्यातर्फे भेट म्हणून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हेच. पाहुण्यांनी त्या बाकावर बसून घावणे खाल्ले, फोटो काढले. मी ते फोटो रात्री जेवताना किशोरीला दाखवायचो. ती म्हणायची, “देव बघता हां.” मी म्हणायचो, बघू दे, त्यालाही विंटेज आवडत असेल.

आठ महिने सगळं सुरळीत होतं. मग जुलैअखेर रॉविनाच्या घरी पाहुण्यांची गर्दी झाली, भांडी अपुरी पडली, आणि तिने घाईत सासऱ्याचा चहा त्या निळ्या ट्रेमधून नेला.

पुढचं मला लिओनने नंतर सांगितलं. मेस्तने चहा प्यायला आणि ट्रे परत दिला नाही. कडेला मी मुद्दाम रंग उडवला होता तिथून पिवळं लाकूड दिसत होतं. त्याने नखाने तिथून खरवडायला सुरुवात केली. सकाळभर खरवडत होता. कोपऱ्यावरचा रंग निघाला तसा खालून सांधा दिसायला लागला, अर्धा, कापलेला. स्वतःचा सांधा मेस्त ओळखणार नाही? आई पोराला ओळखत नाही का? पण त्याने कोणाला काही विचारलं नाही. ट्रे उशाशी ठेवला आणि लिओनला म्हणाला की माळ्यावरची पेटी खाली काढ, मला बघायची आहे.

लिओनने सांगितलं, माळा कमकुवत झालाय. मेस्त म्हणाला, माणसं लाव. लिओन म्हणाला, पाऊस ओसरू दे. मेस्तने पेज बंद केली. पेटी बघितल्याशिवाय तोंडात शीत घेणार नाही, म्हणाला, आणि दोन दिवस खरंच घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी नवराबायको माझ्या शेडमध्ये. रॉविना रडत होती. म्हातारा उपाशी मेला तर लोक आमच्या तोंडात शेण घालतील, म्हणत होती. कापलेली पेटी जोडता येईल का? नाही येणार. मग तशीच दुसरी दिसायला कर. फक्त लांबून दाखवायची आहे, पुरायला म्हापशाची आणणारच आहोत.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला खुमखुमी आली. ज्याने मला पावडर म्हटलं त्याला माझं पावडरकाम खपवून दाखवायचं, आणि तेही त्याच्याच पेटीच्या नावाने. याहून मोठं सर्टिफिकेट कुठलं?

साधं प्लायवूड घेतलं, पाणी लागलं की फुगणारं. तळाला तर पाव इंचीच लावलं, कारण आत कोणी झोपणार नव्हतं. वर हळदीसारखा पिवळा हात, त्यावर काताच्या पाण्याने ब्रश ओढून फणसाच्या रेषा. कोपऱ्यांचे सांधे पेन्सिलीने आखले आणि एकेक बारीक ब्रशने भरला. इतक्या वर्षांची धूळ दिसावी म्हणून राख चोळली. आत नाव कोरलं. पॉलिश तेवढं मारता आलं नाही. ऑगस्ट सुरू झाला होता, हवेत इतकं पाणी की पॉलिश मारलं असतं तर त्याला दूध सुटून सगळं पांढरं पडलं असतं. पण काम असं झालं होतं की मीच दोनदा फसलो.

पेटी नेली तो महिन्याचा पहिला शुक्रवार होता. फादर मेस्तला कम्युनियनचा प्रसाद द्यायला आलेले होते, शेजारपाजारचे चार लोकही होते. आम्ही दारातूनच दाखवून परत नेणार होतो. मेस्त म्हणाला, हंय हाड, खाटयेकडे. फादरांसमोर नाही कसं म्हणणार? ठेवली.

त्याने हात लांब केला आणि बोटाच्या पेराने पेटी वाजवली. एकदा, मग जरा खाली दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. फणस वाजवला तर खणखणीत वाजतो. हे ओल्या पुठ्ठ्यासारखं वाजलं. खोलीत ते तीनच माणसांना कळलं असेल. लिओनने मान खाली घातली. मेस्त माझ्याकडे बघत होता.

“पॉलिश मारलंस?” त्याने विचारलं.

“मारलंय, मेस्त. तीन हात.”

त्याने अंगठा जिभेला लावला, पेटीच्या कोपऱ्यावर घासला आणि डोळ्यांसमोर धरला. अंगठा तपकिरी झाला होता. मला वाटलं, आता फोडतो मला सगळ्यांसमोर, जसं ते दार फोडलं. पण त्याने तो अंगठा सावकाश चादरीच्या आतल्या बाजूला पुसला आणि फादरांकडे वळला.

“फादर, तुम्ही आयकतास मा?” तो म्हणाला. “मी गेलंय काय माका व्हॅनीतना न्हेवचा नाय. खांद्यार न्हेवा, चलत. हेच पेटयेतना. वर प्लास्टिक नको, छत्री नको. फणसाक पाऊस लागणा नाय.”

लिओन पुढे झाला. पापा, आपण म्हापशाहून चांगली पेटी आणू, पितळी कड्यांची, असं काहीतरी पुटपुटला.

“तुझ्या आवशीकय तू इकतचीच हाडलंलंस,” मेस्त म्हणाला.

आईसाठी आणलेली विकतची पेटी आठवून लिओनचं तोंड पांढरं पडलं. मग मेस्तने उशाकडचा निळा ट्रे उचलला आणि फादरांच्या हातात दिला. हा माझ्या पायांखाली घाला, म्हणाला, मला याच्यावर चहा मिळतो. फादरांना ते म्हाताऱ्याचं खूळ वाटलं, ते हसले. शेवटी मेस्तने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला की पायाकडे डाव्या बाजूला परशुराम खांदा देईल, माझा शिष्य आहे तो. फादरांनी लिओनला विचारलं, वचन देतोस? लिओन हो म्हणाला. मग मला विचारलं. मी पण हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

मेस्त त्या दिवसापासून पेज जेवायला लागला. पेटी त्याने खाटेकडून हलवू दिली नाही. मी दोनदा गेलो, एक हात राहिलाय म्हणून सांगितलं, निदान शेडमध्ये नेऊन तळाला दोन पट्ट्या मारता आल्या असत्या. तो शांतपणे म्हणायचा, “तीन हात मारलंस म्हणालंस मा? मगे पुरे.” आणि हात पेटीवर ठेवून डोळे मिटायचा. त्या म्हाताऱ्याला कशाची भीती वाटत होती ते मला ठाऊक होतं. बायकोचा पाय त्याने एका हाताने धरून नेला होता. तरी तो हसत होता. स्वतःचं मढं पणाला लावून सूड उगवणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. नऊ दिवस मी आभाळाकडे बघत काढले. दहाव्या दिवशी मेस्त गेला.

मयताच्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं. श्रावणात पडतं तसं, हिरवंगार, डोळ्यांत जाणारं. रॉविनाने मला बाजूला घेऊन सांगितलं, देव पावला. मी मनात नवसाचा कोंबडा बोललो, त्यांचा देव असो की माझा, पोचतं करीन म्हटलं. लोक पांढरे शर्ट घालून जमले. फादरांनी स्वतःच्या हाताने ट्रे मेस्तच्या पायांखाली सारला. रॉविनाच्या पर्समध्ये प्लास्टिकची घडी होती, ती बाहेर काढली तर फादरांनी नुसती मान हलवली. आम्ही सहा जणांनी पेटी उचलली. म्हातारा वाळून काटकी झाला होता, तरी प्लायवूड कुरकुरलं.

इगर्जी घरापासून दीड किलोमीटर. व्हाळाच्या पाण्यावरच्या साकवापर्यंत कोरडे गेलो. साकव ओलांडला आणि ऊन असतानाच पाऊस आला.

आधी माझ्या बाहीवर एक तपकिरी थेंब पडला. मग दुसरा. मग ओघळच लागले. काताचं पाणी सहाही जणांच्या पांढऱ्या शर्टांवरून खाली वाहायला लागलं, मानेवरून आत गेलं, कोपरावरून गळायला लागलं. पेटीच्या बाजूवरच्या रेषा निथळून गेल्या. कोपऱ्यांचे सांधे, एकेक ब्रशने भरलेले, माझ्या डोळ्यांदेखत पुसले गेले आणि मागे पिवळट पुठ्ठा राहिला. मागून कोणीतरी म्हातारा मोठ्याने म्हणाला, “फणस कधीपासना रंग सोडूक लागलो रे?” कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

पाऊस थांबेना. प्लायवूडच्या कडा फुगून पापुद्रे सुटायला लागले. तळ मधून लोंबला. खांद्यावर ठेवणं जमेना, तेव्हा पेटी खाली घेऊन आम्ही तळाखाली हात घातले आणि तशीच धरून चालायला लागलो. मधे लिओन होता. त्याच्या तळहातांवर बापाची पाठ येत असणार. तो तोंडाने मोठमोठ्याने रडत होता आणि पापा पापा म्हणत होता. माझा हात पायाकडे होता. आता तिथे टाच लागेल असं मला वाटत होतं. पण टाच लागली नाही. तिथे कडक होतं. सगळी पेटी शेवयांच्या लगद्यासारखी झाली होती, आणि पायाकडचा तेवढा भाग दगडासारखा. ट्रेची कड माझ्या तळव्यात रुतत होती.

इगर्जीच्या फाटकात पेटीचा कोपरा उसवला. तेच फाटक. लोकांनी एकदम श्वास घेतला, सगळ्यांना पिएदाद आठवली. पण बाहेर आला तो पाय नव्हता. निळी फळी होती, रंग खरवडलेली, आणि कोपऱ्यावर मेस्तचा सांधा, पिवळाधमक, अर्धा कापलेला. पावसाचं पाणी त्याच्यावर पडत होतं आणि नुसतं ओघळून जात होतं. तो निळा रंग गावात सगळ्यांनी होमस्टेच्या खिडकीखाली बघितलेला. कोणाला काही सांगावं लागलं नाही. लोकांनी आधी ती फळी बघितली, मग रॉविनाकडे बघितलं, मग लिओनकडे, आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. फादरही बघत होते.

मेस्तचा पाय मात्र कोणाला दिसला नाही.

त्याला तसाच पुरला. माती टाकताना प्लायवूडचा आवाजसुद्धा आला नाही. मी घरी आलो तर किशोरीने शर्ट हातात घेतला नाही, बाहेर खुंटीवर लाव म्हणाली. तो डाग गेला नाही. कात आहे तो, कसा जाईल?

महिन्याभरात होमस्टे बंद झाला. गावातलं कोणी दूध घालायला जाईना, कामाला बाई मिळेना. जायच्या आधी रॉविनाने तो बाक टेम्पोत घालून माझ्या शेडमध्ये पाठवला, एक चिठ्ठीसुद्धा नाही. मी तो जाळायला काढला होता, तर किशोरी आडवी आली. मग मी त्याचा रंग खरवडला, सगळा. आठ दिवस लागले. नावही खालून वर आलं. आता तो शेडच्या दारात असतो. गिऱ्हाइकं येतात, आधी माझ्या वस्तू बोटाने वाजवून बघतात. हे आता सगळे करतात, पुण्याहून आलेलेसुद्धा, कोण त्यांना सांगतं देव जाणे. वाजवत वाजवत त्या बाकापर्यंत येतात. तो खणखणीत वाजतो. खूश होतात, हा कितीला म्हणून विचारतात, झाकण उघडतात, नाव, जन्मसाल आणि पुढची मोकळी जागा बघतात आणि हळूच झाकण मिटून निघून जातात. माझ्या शेडमध्ये खरं लाकूड तेवढंच आहे.